फरशीवरचा लाल दिवा

माणिकप्पाच्या पिकअपला हॉर्न होता, पण तो वाजत नसे. कवठ्याहून करडईच्या तेलाचे डबे घेऊन दर गुरुवारी गाडी निघायची, तेव्हा रस्त्यावरच्या म्हशींना माणिकप्पा खिडकीतून तोंडानेच हाकलायचा. म्हशींना त्याचा आवाज ओळखीचा झाला होता, त्यामुळे हॉर्न दुरुस्त करायची वेळ कधी आली नाही.

खैरवाडी मात्र आवाजावर नव्हे, दिव्यावर उठायची. रस्ता वाडीच्या अंगाने खाली ओढ्याकडे उतरायचा. ओढ्यावर पुलाऐवजी सिमेंटची फरशी होती आणि तिचा मधला तुकडा एका पावसाळ्यात जो गेला तो परत आला नव्हता. तिथे कलेक्टर असो की काशीनाथ न्हावी, ब्रेक मारावाच लागे. माणिकप्पाने ब्रेक मारला की धुळीत गाडीचा मागचा लाल दिवा लागायचा. वाडी उंचावर असल्याने तो घराघरांतून दिसायचा. "आप्पा आलं," असं कुणीतरी म्हणायचं आणि बायका बाटल्या घेऊन उताराला लागायच्या.

माणिकप्पाला माणसांपेक्षा बाटल्या जास्त पाठ होत्या. चांगुणाची बाटली खोकल्याच्या औषधाची, तिला मक्याच्या दाणे काढलेल्या बुरकुंडाचं बूच. एका म्हातारीची गोल बरणी, तिचं तोंड फुटलेलं, म्हणून तिला तेल ओतताना हात तिरपा धरायचा. माप झालं की तो प्रत्येकीच्या तळहातावर चार थेंब वेगळे सोडायचा. ते मापात नसायचे. कुणी ते केसांना चोळायची, कुणी टाचांच्या भेगांना, आणि चांगुणा नेमाने म्हणायची, "आप्पा, तुमचा हात लई आखडून राहिला." मग तो पाचवा थेंब सोडायचा. हे इतकी वर्षं चाललं होतं की पाचवा थेंब सोडायचाच असेल तर आधी का सोडत नाही, असं दोघांपैकी कुणीच विचारलं नव्हतं.

मग जिल्हा नवा झाला. पेढे वाटले गेले, कमानी उभ्या राहिल्या. जुन्या जिल्ह्यातून नव्या जिल्ह्यात खुर्च्या आल्या, कपाटं आली, कपाटांतले कागद आले. खैरवाडी तेवढी वाटेत राहिली. जुन्या यादीत तिच्या नावापुढे ‘नव्या जिल्ह्याकडे वर्ग’ असं तांबड्या शाईने लिहिलं होतं. नव्या यादीत ती नव्हती, कारण ती अजून पोचायची होती. एकशे चाळीस माणसं, बेचाळीस जनावरं आणि एक मारुती असे कागदावर चार वर्षं प्रवासात होते.

चांगल्या वर्षी याने कुणाचं काही अडलं नाही. पण चौथ्या वर्षी पाऊस आला तो वाट चुकल्यासारखा एकदा आला आणि गेला. करडई उगवली नाही. माणिकप्पाचा लाकडी घाणा थांबला. घाण्याचा बैल जनावरांच्या छावणीत नेऊन बांधला. पिढ्यान् पिढ्या तेल प्यालेलं घाण्याचं लाकूड कोरडं पडून तडकायला लागलं, तेव्हा त्याची बायको रत्नम्मा रोज सकाळी घरातल्या तेलाचं बोट भरून त्या चिरांवरून फिरवायची. फोडणी कोरडी झाली तरी तिने ते बंद केलं नाही. माणिकप्पा एकदा म्हणाला, "घाण्याला चारतीस आन् मला उपाशी ठेवतीस." ती म्हणाली, "तुमाला तोंड हाय. त्याला न्हाई."

अशा दिवसांत तळणी गावाला पाणी पोचवायची सरकारी खेप माणिकप्पाला मिळाली. कवठ्याच्या विहिरीवर टाकी भरायची, खैरवाडीवरून पुढे ओढा ओलांडायचा आणि तळणीच्या हौदात रिकामी करायची. दिवसाला तीन खेपा. घरात येणारं तेवढंच होतं. अट दोनच गोष्टींची होती. टाकी तळणीत काठोकाठ पोचली पाहिजे, आणि दोन महिन्यांत गाडीचं पासिंग झालं पाहिजे.

टाकी लोखंडी, चौकोनी, पिकअपच्या हौद्यात पुरती न मावणारी. ती घसरू नये म्हणून माणिकप्पाने खाली बाभळीचे दोन जाड ठोकळे टाकले आणि वर जाड दोराच्या नाड्याने आवळली. सगळं झाल्यावर लक्षात आलं की टाकी मागे हातभर बाहेर आली आहे आणि ब्रेकचा दिवा तिच्याखाली झाकला गेला आहे. त्याने दिवा खोलला, वायरीला तुकडा जोडून लांब केली आणि टाकीच्या पाठीला नटबोल्टाने आवळून दिवा बसवला. मग रत्नम्माला गाडीत चढवलं.

"मधलं पायटं दाब."

"दाबलं."

"लागला न्हाई. नीट दाब."

"नीटच दाबलंय."

"जोर लाव की."

"पायानंच दाबायचंय न्हवं? का डोक्यानं दाबू?"

शेजारचा गुरुलिंग भिंतीवर बसून दात घासत होता. तो म्हणाला, "वैनी, दाबून ठिवा, आप्पाला लागल्यासारखं वाटंपर्यंत." माणिकप्पाने बल्ब काढून कानाशी हलवला, फुंकला, परत लावला. फ्यूज पाहिला. वायरीचा जोड तीनदा सोडला आणि तीनदा बांधला. रत्नम्माची पोटरी भरून आली. शेवटी तिने वरूनच विचारलं, "आदी लागत हुता का?"

"रोज लागत हुता."

"मग त्याला जागा आवडली नसंल."

औशाला जिलानीकडे जाण्यावाचून इलाज नव्हता. जिलानी एस. टी. स्टँडच्या मागे पत्र्याच्या टपरीत बॅटऱ्या चार्ज करायचा आणि गाड्यांची वायरिंग करायचा. अ‍ॅसिडने त्याच्या प्रत्येक सदऱ्याची चाळणी झाली होती. माणिकप्पा आणि तो एका शाळेत उर्दूच्या वर्गात बसले होते, आणि वर्ग मराठी झाल्यावर दोघांनी एकदमच शाळा सोडली होती.

जिलानीने दिवा पाहिला, टाकी पाहिली, खाली वाकून ठोकळे पाहिले आणि हसला. त्याने हातभर वायर घेतली, एक टोक दिव्याच्या बुडाला लावलं आणि दुसरं गाडीच्या चासीला टेकवलं. "वैनी, दाबा." दिवा भक्कन लागला.

"काय केलंस?" माणिकप्पाने विचारलं.

"तूच सांग. दिव्याला वायर किती?"

"एक."

"एका वायरीनं करंट गेला. गेलेला परत कुठून येतो?"

माणिकप्पाने इतकी वर्षं गाडी चालवली होती, पण करंट परत येतो हे त्याला माहीत नव्हतं. त्याची समजूत होती की तो दिव्यात संपतो, जसं तेल कढईत संपतं.

"देख," जिलानी उकिडवा बसला. "ब्याटरीतून निघाला. फ्यूजमधून पेडलच्या स्विचात आला. तू ब्रेक मारला की ब्रेकऑइलचा दाब येतो, स्विच जुळतो. म्हंजे तुझा दिवाबी तेलावरच चालतो, समज. तिथून ही लांब वायर दिव्याला. इथपर्यंत वाट ठरलेली. पण परत जायला वायर न्हाई. परत जायला सगळं लोखंडच वाट. चासीतून, बॉडीतून, ब्याटरीच्या दुसऱ्या तोंडाला. तू काय केलं? टाकी लाकडावर ठिवली, नाड्यानं बांधली. दिवा टाकीवर. आता टाकीतून त्यानं कुठं जावं?"

रत्नम्मा खाली उतरली होती. ती म्हणाली, "म्हंजी जायला एक वायर पुरं. पन परतीची वाट न्हाई ठिवली तर उजेड पडत न्हाई."

"वैनीला कळलं," जिलानी ती वायर चासीला पक्की आवळत म्हणाला. "तू टाकी भर."

खेपा सुरू झाल्या. माणिकप्पा गाडी चालवायचा आणि रत्नम्मा डावीकडे बसायची, कारण हौदावर पाईप धरायला कुणीतरी लागायचं आणि परक्या माणसाच्या हाती तोटी द्यायला माणिकप्पाचं मन होत नसे. विहिरीवर पाईप ओढून तिच्या तळहाताची सालं निघाली. टाकी भरली की पाणी झाकणातून हेंदकाळायचं आणि माणिकप्पा ते पटक्याने पुसून पटका डोक्याला गुंडाळायचा. तेवढा एक गारवा कायद्यात बसत होता.

पहिल्या दिवशी फरशीवर ब्रेक लागला, दिवा लागला आणि खैरवाडी उताराला लागली. बाटल्यांच्या जागी घागरी होत्या. माणिकप्पाला आधी नुसतं बरं वाटलं. किती दिवसांनी ही सगळी माणसं धावत त्याच्याकडे येत होती. त्याने गाडी उभी केली. वीस घागरी गेल्या. चांगुणाने आपली घागर कमरेवर घेतली आणि म्हणाली, "आप्पा, हात आखडला तुमचा," आणि दोघंही हसले.

तळणीत ग्रामसेवकाने टाकीत काठी बुडवली. त्याने काठीवर बोटाबोटाच्या खुणा केल्या होत्या.

"माणिकप्पा, चार बोटं कमी."

"हेंदकाळलं, साहेब."

"एवढं हेंदकाळतं तर तुम्ही पाणी आणता की पाण्याची आठवण आणता?" ग्रामसेवक वाईट माणूस नव्हता. त्याची काठी नवीन होती एवढंच. "उद्या कमी आलं तर मला लिहावं लागेल. लिहिलं की खेप दुसऱ्याला. तळणीची माणसं इथं माझ्या उरावर बसतात."

"वाटंत खैरवाडी हाय," माणिकप्पा म्हणाला.

"यादीत नाही."

"रस्त्यावर हाय की."

"रस्त्यावर असेल. मी यादीवर चालतो."

दुसऱ्या दिवसापासून माणिकप्पा फरशीवर थांबला नाही. पण ब्रेक तर मारावाच लागे. नाही मारला तर गाडीखालचे स्प्रिंगचे पाटे मोडले असते आणि टाकी ओढ्यात गेली असती. दिवा लागायचा, बायका पळायच्या, आणि त्या उतारावरच्या निंबापर्यंत येईतो गाडी खड्डा ओलांडून पलीकडच्या चढाला लागलेली असायची. असं दिवसाला तीनदा. माणिकप्पा आरशात बघायचा नाही. रत्नम्मा बघायची आणि सांगायची नाही.

पाचव्या दिवशी चांगुणा सगळ्यांच्या पुढे होती. उतारावर तिचा पाय मुरमात सरकला आणि ती घागरीवरच पडली. घागर मातीची होती. हनुवटी फुटली. माणिकप्पाने आवाज ऐकला आणि गाडी पलीकडे नेऊन उभी केली. चांगुणा उठली, ओढा ओलांडून सावकाश चालत खिडकीशी आली. हनुवटीवरचं रक्त तिने पदराने दाबलं होतं. शिव्या येतील म्हणून माणिकप्पाने मान खाली घातली होती. शिव्या आल्या असत्या तर बरं झालं असतं.

"आप्पा," ती म्हणाली, "न द्यायचं तर नका देऊ. तुमचीबी नड आसंल. पन मग दिवा कामून दाखवता?"

माणिकप्पाला सांगता आलं असतं की दिवा तो दाखवत नाही, पेडलखालचा स्विच दाखवतो. ते सगळं आता त्याला पक्कं समजलं होतं. तळणीचा हौद वाट बघत होता. त्याने गिअर टाकला.

त्याच संध्याकाळी तो औशाला गेला.

"ह्या वायरीत एक बटण बसव," तो जिलानीला म्हणाला. "ते बंद केलं की ब्रेक लागावा, पन दिवा लागू नये."

जिलानीने हातातली पक्कड खाली ठेवली. "माझ्याकडं लोक दिवा लावायला येतात. बंद करायला तू पयला."

"बसव म्हणतो न्हवं."

"मागून कुणी ठोकलं तर?"

"मागं कोन हाय? धूळ हाय."

जिलानीने डॅशबोर्डखाली हात घातला आणि स्विचाकडून मागे जाणारी वायर ओढून काढली. ती तोडली, दोन्ही टोकं सोलली आणि घरगुती पंख्याचं पांढरं बटण मध्ये बसवलं. उजवीकडे स्टिअरिंगचा दांडा आडवा येत होता, म्हणून बटण डावीकडे बसलं. रत्नम्माच्या गुडघ्यासमोर.

"हे बग," जिलानी म्हणाला. "दिवा चांगला, बल्ब चांगला, अर्थिंग चांगली, ब्याटरी चांगली. गाडीत काय बिघाड न्हाई. कुणी इचारलं तर जिलानीनं बिघडवलं म्हणून सांगू नको."

दुसऱ्या दिवसापासून गाडी वाडीच्या अंगाला आली की माणिकप्पा नुसतं "हं" म्हणायचा आणि रत्नम्मा बटण बंद करायची. फरशी ओलांडून चढ लागला की तो परत "हं" म्हणायचा आणि ती बटण चालू करायची. या दोन हुंकारांपलीकडे त्या रस्त्यावर दोघांत बोलणं होत नसे. पहिल्या आठवड्यात निंबाखालून काही जणी उठायच्या, दिव्याच्या जागेकडे बघत उभ्या राहायच्या आणि बसायच्या. पुढच्या आठवड्यात उठणं बंद झालं. त्या पहाटेच चार मैलांवरच्या खाणीतल्या डबक्यावर जाऊन यायच्या आणि निंबाखाली पाय पसरून बसायच्या. कुणी ओरडलं नाही, कुणी दगड मारला नाही. माणिकप्पा एकदा स्वतःशीच म्हणाला, "झाली सवय." रत्नम्मा खिडकीबाहेर बघत होती. तिच्या उजव्या हाताचं पहिलं बोट बटणाने गुळगुळीत झालं होतं, जसं घाण्याच्या चिरांवरून फिरून व्हायचं.

दीड महिना गेला आणि पासिंगची तारीख आली. लातूरला एका मोकळ्या मैदानात गाड्या रांगेत लावल्या होत्या. बहुतेकांचे दिवे आदल्या रात्रीच लागायला शिकले होते. साहेब तरुण होता, इस्त्रीचा होता, आणि धुळीत उभं राहून एकेक गाडी खरोखरच तपासत होता, त्यामुळे रांगेत नाराजी होती. माणिकप्पाने रत्नम्माला नेलं होतं. कपाळाला विभूती लावून ती डावीकडे ताठ बसली होती. बटण चालू होतं.

"ब्रेक दाबा."

दिवा लागला.

"सोडा. दाबा. छान." साहेबाने कागदावर खूण केली, मग खिडकीतून आत डोकं घातलं. "हे कसलं बटण?"

माणिकप्पाने उत्तर तयार ठेवलं होतं. "पंख्याचं, साहेब."

"पंखा कुठाय?"

माणिकप्पाने छताकडे पाहिलं. साहेबानेही पाहिलं. पंखा नव्हता.

"मागचा दिवा बंद करायचं हाय," रत्नम्मा म्हणाली.

माणिकप्पाने तिच्याकडे वळून पाहिलं. ती समोर बघत होती.

"ब्रेकचा दिवा बंद कशाला करायचा?" साहेबाने विचारलं. त्याच्या नोकरीत हा प्रश्न पहिल्यांदाच आला असावा.

"लोकं पळत येतेत."

"दिवा बघून?"

"हाव. थांबनार आसं वाटतं त्यांना."

"आणि तुम्ही थांबत नाही?"

माणिकप्पाने पटका काढला आणि परत गुंडाळला. मागच्या ट्रकवाल्याने हॉर्न वाजवला.

साहेब रागावला असता तर माणिकप्पाने हात जोडले असते. पण साहेब सरळ आवाजात, शाळेत सांगतात तसं म्हणाला, "बाबा, गाडी थांबतेय हे मागच्याला कळावं, एवढ्यासाठीच तो दिवा असतो. दुसरं त्याचं कामच नाही. बटण काढा, वायर सरळ करा, मग शिक्का मारतो. आत्ता करा."

जिलानी औशात होता. माणिकप्पा दार उघडून आडवा झाला, डोकं पेडलपाशी, पाय बाहेर मैदानात. रांगेतल्या चाळीसेक माणसांना त्याची फाटकी चप्पल आणि पोटऱ्या दिसत होत्या. कुणीतरी म्हणालं, "मामा, झोपायला आलाव का?" बटण निघालं. वायरीची दोन टोकं हातात आली. त्याने ती दातांनी सोलली, एकमेकांना पीळ दिला. तांब्याची तार बोटाच्या पेरात घुसली. एवढं करताना त्याला एकदाही थांबून विचार करावा लागला नाही, कुठून आलं आणि कुठं जातं हे त्याला आता डोळे मिटून कळत होतं. पट्टी गुंडाळून तो बाहेर आला. रत्नम्मा न सांगता पलीकडे सरकली आणि तिने पेडल दाबलं. दिवा लागला. शिक्का बसला.

परत येताना औसा मागे पडला. माणिकप्पा म्हणाला, "पंख्याचंच हाय म्हनाली असतीस तर."

"पंखा कुठून आनला असता?"

"पासिंग झालं नसतं तर गेली असती खेप."

"ते मलाबी दिसलं की." ती बोटाकडे बघत म्हणाली. "दीड म्हैना ह्यानं केलंय मी. तुमचं निस्तं तोंड हाललं."

कवठ्याला टाकी भरून ते निघाले तेव्हा चार वाजले होते. ऊन तिरपं झालं होतं, पण तापायचं विसरलं नव्हतं. खैरवाडीच्या अंगाला आल्यावर माणिकप्पाच्या तोंडून सवयीने "हं" निघालं. रत्नम्माने हात मांडीवरच ठेवला. आता काही करण्यासारखं नव्हतं. त्याने ठरवून ठेवलं होतं: दिवा लागेल, बायका पळत येतील, चार दिवस शिव्या देतील, पुन्हा सवय होईल. मागे एकदा झाली तशीच. फरशी आली. त्याने ब्रेकवर पाय ठेवला आणि दीड महिन्यात पहिल्यांदा आरशात पाहिलं.

निंबाखाली सात-आठ जणी बसल्या होत्या. घागरी शेजारी आडव्या पडल्या होत्या. दिवा लागलेला त्यांना दिसला, हे नक्की, कारण एकीने दुसरीला कोपराने ढोसून तिकडे दाखवलं. दुसरीने पाहिलं. चांगुणानेही पाहिलं, हनुवटीवर हात ठेवून, जसं वरून विमान गेलं की बघतात तसं. कुणी उठलं नाही.

माणिकप्पाने गाडी खड्ड्याच्या अलीकडेच उभी केली. हँडब्रेक त्या उतारावर टिकत नसे, म्हणून पाय पेडलवरच दाबून धरला. इंजिन थडथडत राहिलं. तो वाट बघत राहिला. एक शेळी गाडीखालून गेली. त्याने तोंड बाहेर काढून हाक मारली, म्हशींना मारायचा तशी मोठी.

"चांगुणाबाई."

"जावा आप्पा," तिने बसूनच उत्तर दिलं. आवाजात राग नव्हता. "तळणीला उशीर हुईल."

"थांबलोय मी."

"हाव, दिसून राहिलं. काय बिघडलंय का गाडीचं?"

माणिकप्पाच्या पोटरीत कळ आली. ब्रेक धरून तो अवघडल्यासारखा वाकला. रत्नम्मा कधी उतरली ते त्याला कळलं नाही. आरशात ती निंबाकडे जाताना दिसली. तिने चांगुणाशेजारची घागर उचलली. या वेळची पत्र्याची होती. ती टाकीपाशी आली, तोटी सोडली, घागर काठोकाठ भरली, दोन्ही हातांनी पोटाशी धरून चढ चढली आणि चांगुणाच्या पायापाशी ठेवली. तिचं लुगडं मांडीपर्यंत भिजलं होतं. मग तिने दुसरीची घागर उचलली.

तिसऱ्या घागरीला चांगुणा उठली. "सोड बाई," ती म्हणाली, "तुला उचलाया येत न्हाई. निम्मं सांडलंस." आणि वाडीकडे तोंड करून तिने हाक दिली.

तळणीच्या हौदात त्या दिवशी टाकी निम्मीच पोचली. ग्रामसेवकाने काठी बुडवली, काठीकडे बघितलं, माणिकप्पाकडे बघितलं आणि विचारण्याचे कष्ट घेतले नाहीत. त्यानंतर आठ दिवस टाकी रोज कमीच पोचत राहिली आणि खेप दुसऱ्याला गेली. कागदावर ‘पाणी कमी पोचते’ असं कारण लिहिलेलं होतं, आणि सरकारी कागदाच्या मानाने ते अगदी खरं होतं. उन्हाळ्याचे उरलेले दोन महिने माणिकप्पा आणि रत्नम्मा दोघं नाल्याच्या कामावर माती उचलायला गेले. पाटी भरायला त्याच्या समोर खैरवाडीतलंच कुणी ना कुणी असायचं.

पण ते पुढचं. त्या दुपारी वाडी अजून उतरत होती. घागरी, कळशा, तेलाचे रिकामे डबे, म्हातारीची ती तोंड फुटलेली बरणी. रत्नम्माने ओढ्यातून एक मोठा दगड लोटत आणला आणि पुढच्या चाकाला अडसर लावला. मग खिडकीशी येऊन कपाळाचा घाम पुसत म्हणाली, "दगड लावलाय. काढा आता पाय."

"आसू दे," माणिकप्पा म्हणाला.

शेवटची घागर भरून वर जाईपर्यंत त्याने पेडलवरचा पाय काढला नाही, आणि मागचा लाल दिवा लागलेलाच राहिला.